मोज्याचा श्वास

डोंगराआडच्या गावात वीज नवी होती, तेव्हाची गोष्ट. तुळशीराम लाइनमनच्या उजव्या रबरी हातमोज्याला खांबावर चढायची भारी हौस. वरून गाव स्वप्नासारखं दिसायचं.

एकदा मोज्याला बाभळीचा काटा टोचून बारीक भोक पडलं. खांबावर चढण्याआधी तुळशीराम मोज्यात हवा कोंडून, ती कुठून सुटते का ते बघायला तो गालाशी धरायचा. भोक कळलं तर आपल्याला खालीच ठेवतील, म्हणून मोज्यानं श्वास रोखून धरला.

"विजेच्या नि माझ्या मधे तू एकटाच, गड्या," तुळशीराम पुटपुटला.

मोज्यानं हळूच त्याच्या गालावर फुंकर घातली.

"सांगितलंस, बरं केलंस." त्याला कुंपणावर ठेवून तुळशीरामनं पिशवीतला दुसरा मोजा चढवला.

तिन्हीसांजेला तुळशीराम उतरला, मग एकेक घर उजळलं. सगळा गाव दिव्यांकडे बघत होता. कुंपणावरचा मोजा मात्र तुळशीरामचे दोन्ही धड हात बघत राहिला.