रिकाम्या घागरी आणि वाघमाळची दवंडी

"दोन्ही घागरी रिकाम्या? एकसुद्धा चिंचोका नाही?" राजा चंडप्रताप ताडकन उठला.

डाळिंबनगरात पाटकरी निवडायचा होता. पाटकरी म्हणजे धरणाचं पाणी शेताशेताला वाटणारा माणूस. तो ठरल्याशिवाय पाटाचं दार उघडायचं नाही, अशी तिथली रीत. चावडीसमोर दोन घागरी मांडायच्या. ज्याला जो पटेल, त्याच्या घागरीत त्याने एक चिंचोका टाकायचा.

उमेदवार दोन, सटवोजी आणि रायाजी. महिनाभर दोघांनी स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. रोज दवंडी पिटवली ती दुसऱ्याच्या नावाने! म्हणे, रायाजी इतका घोरतो की चार गल्ल्यांतल्या कोंबड्यांनी अंडी देणं सोडलंय. म्हणे, सटवोजी भित्रा आहे आणि त्याची म्हैस गर्विष्ठ! लोकांनी दोघांचंही खरं मानलं, चिंचोके भाजून खाल्ले आणि घरी गेले.

राजाने दवंडी पिटणाऱ्या साळूला बोलावलं. "हे सगळं तुझ्या हलगीने केलंय!"

"हलगी माझी, पण तक्रारी त्यांच्या, महाराज!"

"वर तोंड करून बोलतेस? उद्या सूर्य मावळायच्या आत त्या दोघांनी भर चावडीवर एकमेकांची स्तुती केली पाहिजे! पैसे द्यायचे नाहीत, धाक घालायचा नाही, विनवण्या करायच्या नाहीत. जमलं नाही, तर हलगी जप्त!"

साळूने हलगी छातीशी धरली. वडिलांमागे तिचं घर त्या हलगीवरच चालत होतं. तिने डोकं खाजवलं.

"महाराज, वाघमाळची चौकी अजून रिकामीच आहे ना?"

"तीन वर्षं! मागचा चौकीदार जीव घेऊन पळाला. त्याचं धोतर अजून वाघाच्या गुहेत आहे. त्याचं इथे काय?"

"तिथे माणूस हवा, एवढीच दवंडी पिटू?"

"पीट बापडी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हलगी कडाडली. "ऐका हो ऐका! वाघमाळच्या चौकीला माणूस पाहिजे! शूर, इमानी, कमी झोपेचा! असा कोणी ठाऊक असेल, तर त्याचं नाव चावडीवर महाराजांना सांगावं हो!"

हलगी थांबते न थांबते तोच सटवोजी एका पायात जोडा घालून धावत आला. "महाराज, रायाजीसारखा शूर मुलखात नाही! आणि घोरत तर मुळीच नाही! रात्रभर टक्क जागा असतो!"

"साफ खोटं!" मागून रायाजी धापा टाकत आला. "मी घोरतो! कोंबड्यांना विचारा! खरा मर्द हा सटवोजी. याची म्हैससुद्धा किती विनयी!"

"माझी म्हैस गर्विष्ठच आहे!" सटवोजी किंचाळला. "आणि मी पालीलाही भितो!"

"तू? अरे, भर पुरात उडी टाकून माझं वासरू कोणी काढलं होतं?"

 हे मात्र अगदी खरं होतं.

सटवोजीने मान खाली घातली. "यानेही दुष्काळात आपली विहीर सगळ्या गावाला मोकळी ठेवली होती, महाराज."

महिनाभरात हे कोणी ऐकलंच नव्हतं! लोक घरी पळाले, भाजायचे राहिलेले चिंचोके घेऊन आले आणि घागरी भरल्या. रायाजीला अकरा जास्त पडले. पाटाचं दार उघडलं, पाणी खळखळत शेतांकडे निघालं.

"हलगी तुझीच!" राजा म्हणाला. "पण साळू, वाघमाळला आता कोणाला धाडू? हरलेल्या सटवोजीला?"

सटवोजी पटकन रायाजीच्या पाठीमागे दडला.

साळूने हात जोडले. "नको महाराज! याच्या कागाळ्यांना कंटाळून चार दिवसांत वाघच तक्रार घेऊन चावडीवर येईल, आणि त्याची दवंडी मला पिटावी लागेल!"

राजा एवढा हसला, एवढा हसला, की त्याचा मुकुट रायाजीच्या घागरीत पडला! तो बाहेर काढता काढताच त्याने पाटाच्या तोंडाशी असलेलं आपलं सुपीक शेत साळूच्या नावे करून टाकलं.