दौलूचा टॉवेल

तालमीचे अध्यक्ष रंगराव भोईटे स्वतःला अर्धे डॉक्टर समजत. कुणा पैलवानाच्या अंगावर नायटा उठला, की ते खिशातून आपली ट्यूब काढत. त्या मलमात स्टेरॉइड असे. लाली आणि खाज लगेच दबे, पण नायट्याची बुरशी मरत नसे; पैलवान मातीत उतरे आणि ती तालीमभर फिरे.

तालमीतल्या दौलूच्या मांडीवरची कातडी तर त्या मलमानं पातळ झाली आणि तिच्यावर फाटल्यासारख्या रेघा उमटल्या. त्याची आत्या सुलभा त्याला डॉक्टरांकडून थेट तालमीत घेऊन आली.

"याला नुसतं बुरशीचं मलम लावायचंय. कोरड्या अंगावर, डागाच्या कडेबाहेरपर्यंत, आणि डाग गेला तरी डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत. तोवर कुस्ती बंद."

"रविवारी कुस्त्यांचं मैदान आहे, बाई! नायटा कुठं दिसतोय? माझ्या मलमानं पोरगा बरा झालाय. तुमच्या डॉक्टरनं कधी आखाडा तरी बघितलाय का?"

भोवती जमलेली तालमीतली पोरं हसली. दौलू मान खाली घालून उभा राहिला.

बोलून बोलून रंगरावांना घाम फुटला होता. आत्यानं दोरीवरचा एक टॉवेल काढून अदबीनं पुढं केला. त्यांनी तो तोंडाजवळ नेला.

"कुणाचा हा?"

"दौलूचा."

टॉवेल मातीत पडला. रंगराव घाईघाईनं धोतराला हात पुसू लागले.

"पुसा की तोंड, अध्यक्ष," आत्या म्हणाली. "पोरगा बरा झालाय ना? तुमच्या तोंडाला जे चालत नाही, ते रविवारी दुसऱ्याच्या लेकराच्या अंगाला घासायला निघालाय तुम्ही."

या वेळी कुणी हसलं नाही. पोरं दोरीवरचे आपापले टॉवेल उतरवू लागली.