हिरोजीचा शंख

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. सोनगिरीची पोरं होडीनं पलीकडच्या कॉलेजला जायची. त्यांच्यात होता हिरोजी तांडेल. अंगानं नुसती काडी, पण खडकावर उभं राहून त्यानं शंख फुंकला की पैलतीरावरची माणसंसुद्धा अंथरुणात उठून बसायची, असं म्हणतात. कुणाची होडी चुकू नये म्हणून तो रोज पहाटे फुंकायचा. शेवटचं पोर होडीत बसलं की शंख कपारीत ठेवून हा धावत यायचा, मग होडी सुटायची. कुणी आजारी पडलं तर त्याचे धडे उतरवून आणायचा. स्वतः मात्र इंग्रजीत गटांगळ्या खायचा!

वर्गात शेवंती मयेकर एकटीच मुलगी. बापानं बजावलेलं, यंदाची परीक्षा हुकली की शिक्षण बंद, लग्न करून मोकळं व्हायचं. तिला आधार काय तो हिरोजीचा. आणि माघात हिरोजी तापानं गेला. जाताना तिला एवढंच म्हणाला, "माझ्यासाठी होडी थांबवू नका गो."

परीक्षेच्या सकाळी धुकं असं पडलं, की हातातलं वल्हं दिसेना. पोरं होडीत बसली. बसली ती बसलीच! होडीवाला थांबलेला, पोरं थांबलेली, कुणी कुणाला विचारीना. अंगवळणीच पडलेलं ते. पाणी ओहोटीला लागलं, आणि शेवंती भानावर आली. अरे देवा, आपण थांबलोय कुणासाठी?

ती उडी मारून उतरली, धावत खडक चढली. शंख कपारीतच होता. बाईमाणसानं शंख फुंकायचा नाही, अशी तेव्हाची रीत. खालून कुणी ओरडलंसुद्धा. पण ऐकतेय कोण? पहिल्यांदा नुसती हवा गेली. तिनं डोळे पुसले, पुन्हा छाती भरून घेतली, आणि घुमला की हो शंख!

आणि काय सांगू तुम्हांला, पैलतीरावरून उत्तर आलं! तोच लांब सूर, शेवटी तोच हेलकावा. शंख कपारीत ठेवून शेवंती धावत होडीत आली, होडीवाल्यानं हात जोडले नि वल्हं मारलं. पैलतीरावरचा शंख वाजत राहिला, होडी आवाजामागं निघाली. ओहोटीत वर आलेल्या वाळूच्या दांड्यांनी बाजूला सरून वाट दिली, असं म्हणतात. पलीकडच्या धक्क्यावर मात्र चिटपाखरू नव्हतं. परीक्षेच्या खोलीत हिरोजीच्या रिकाम्या बाकावर तेवढी ओली वाळू सांडलेली. शेवंती पास झाली, शिकली, गावच्या शाळेत बाई झाली.

आता पूल आहे, एसटी जाते. तरी परीक्षेच्या सकाळी ड्रायव्हर पुलाच्या तोंडाशी गाडी उभी करतो, इंजिन बंद करतो. एक मुलगी खडकावर जाऊन शंख फुंकते. मुलगीच हं, तो मान पोरांना नाही. मग सगळी गाडी कान देऊन बसते. उत्तर आलं की नाही, ते पोरं घरी सांगत नाहीत.

माझ्यासाठी थांबू नका, असं हिरोजी सांगून गेला होता. त्याचं तेवढं एक सोनगिरीनं कधी ऐकलं नाही.