गबदूनानाची भिंत

एका गावात एक भिंत होती. चावडीची, पांढऱ्या मातीनं सारवलेली, उगवतीकडे तोंड केलेली. त्या भिंतीवर एक चितारी रोज सकाळी ती पुन्हा पांढरी करून कोळशानं चार चौकटी आखायचा आणि त्यांत एक गोष्ट काढायचा. गोष्ट नेहमी गबदूनानाची असायची.

गबदूनाना हा चिताऱ्याच्या मनातला माणूस. गोल पोट, काटकुळे पाय, डोक्यावर सैल पागोटं. पहिल्या चौकटीत त्याच्यापुढे काहीतरी काम यायचं. छप्पर गळायचं, बैल सुटायचा, नाहीतर चुलीवर दूध उतू जायला लागायचं. दुसऱ्या चौकटीत नाना म्हणायचा, "बघू की, एवढी काय घाई!" तिसऱ्या चौकटीत तो विड्याचं पान जुळवत बसायचा. चौथ्या चौकटीत छप्पर त्याच्या अंगावर कोसळलेलं असायचं आणि पागोटं तेवढं शाबूत राहायचं.

गाव पोट धरून हसायचं. ज्याला वाचता यायचं तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे नानाचं वाक्य त्याच्याबरोबर म्हणायचे. "अगदी आमच्या शेजाऱ्यासारखा!" असं प्रत्येकजण म्हणायचा, आणि त्याचा शेजारीही तेच म्हणत असायचा. काही जाणते मागे उभे राहून सांगायचे, "पूर्वीचा नाना निराळाच होता, आता तसली मजा राहिली नाही." तरीही ते रोज सगळ्यांच्या आधी यायचे.

भिंतीखाली गेरूचं एक मडकं ठेवलेलं असे. ज्याला चित्र आवडलं त्यानं अंगठा बुडवायचा आणि चित्राखाली ठसा उमटवायचा, अशी रीत पडली होती. संध्याकाळी चितारी भिंत न्याहाळायला यायचा. भिंत लाल दिसली की त्याला जेवण गोड लागायचं. पांढरी दिसली की तो ताट सरकवून उठायचा.

रीत जुनी होत गेली तसा तिचा अर्थ हळूहळू बदलला. एकदा नानानं म्हाताऱ्या आईला अंगणात विसरून ठेवल्याचं चित्र निघालं. एक माणूस खूप हसला, खूप हळहळला आणि त्यानं चांगला ठसठशीत ठसा दिला. घरी त्याची आई सकाळपासून पाणी मागत होती. बायको म्हणाली, "अहो, आईंकडे बघा जरा." तो म्हणाला, "बघितलं की! ठसा देऊन आलोय मी." त्याला ते खरंच वाटत होतं.

गावाच्या वरच्या अंगाला एक तळं होतं आणि तळ्याला मातीचा बांध. बांधाखाली कुंभारांची आळी होती. चिताऱ्याची थोरली बहीण त्या बांधाची राखण करायची. नवरा गेल्यावर ते काम तिच्याकडे आलं होतं. सगळी आळी तिला आक्का म्हणायची.

हस्ताचा पाऊस संपत आला होता. तळं काठोकाठ भरलं होतं. आक्का चिखलानं भरलेल्या पायांनी चिताऱ्याच्या दारात आली.

"बांध पाझरतोय रे," ती म्हणाली. "कालपर्यंत पाणी नितळ येत होतं. आज गढूळ येतंय. आतली माती चाललीय."

"गावाला सांगितलंस?"

"दारोदार फिरले. पाटलांच्या ओट्यावर गेले तर म्हणाले, 'बघू की, एवढी काय घाई!' आणि सगळे खो खो हसले. ह्यात हसण्यासारखं काय होतं, मला तर कळलं नाही बाबा."

चिताऱ्याला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, नानाचं वाक्य पाटलांच्याही तोंडी बसलं म्हणून त्या लाजेच्या आत थोडं बरंही वाटलं.

आक्का म्हणाली, "माझं नाही ऐकत, तुझं ऐकतील. भिंतीवर काढ. घरटी एक माणूस, एक पाटी माती. आणि तुझ्या त्या नानाला मध्ये आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी चिताऱ्यानं तसंच केलं. बांध काढला, गढूळ पाणी काढलं, खालची आळी काढली. खाली लिहिलं, 'आजच या.' लोक जमले आणि बराच वेळ चौकटींत नानाला शोधत राहिले.

"नाना कुठं गेला?"

"चिताऱ्याचं पोट बिघडलंय वाटतं."

"शहाणपण सांगायला घरी सासूबाई आहेत की. त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं?"

ठसे फारसे पडलेच नाहीत. मडक्यातला गेरू वाळून गेला. मात्र आळीतले दोघे कुंभार चित्र पाहून तडक घरी गेले, डोक्यावर पाट्या घेतल्या आणि दिवसभर आक्काबरोबर बांधावर माती टाकत राहिले.

संध्याकाळी आक्का आली ती हसतच. "दोघे आले बघ! पाझर थोडा थांबलाय. उद्याही असंच काढ, आणखी चौघे येतील."

चितारी पांढऱ्या भिंतीकडे बघत होता. "दोघांनी काय होणार, आक्का? उद्या अख्खं गाव आणून दाखवतो."

"कसं?"

"नानाला आणतो."

"नको रे," आक्का म्हणाली. "हसले की घरी जातात ते."

"तुला माझ्या लोकांची माहिती नाही," चितारी म्हणाला.

आक्का पाटी उचलून बांधाकडे गेली.

दुसऱ्या दिवशीचं चित्र चिताऱ्यानं जीव ओतून काढलं. पहिल्या चौकटीत बांधाला भोक पडलेलं. दुसरीत नानाचं ठरलेलं वाक्य. तिसरीत नाना त्या भोकात पोट खुपसून पान जुळवतोय. आणि चौथ्या चौकटीत चिताऱ्यानं गावालाच काढलं. सगळे चावडीच्या भिंतीसमोर उभे, अंगठे लाल, तोंडं हसरी, आणि पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं.

असं हसू त्या भिंतीसमोर कधी उसळलं नव्हतं.

"तो मी! कानातली भिकबाळी बघा!"

"आणि हे आमचे हे, तोंड उघडं टाकून!"

"खरंय हो, आपण असेच आहोत. अगदी असेच!"

अंगठ्यांची झुंबड उडाली. आळीतून सगळे धडधाकट लोक वर आले होते. काल माती टाकणारे दोघे कुंभारही आले होते. आज सगळं गावच हात लावणार, आता आपली काय गरज, असं त्यांना वाटलं. तेही हसले आणि त्यांनीही ठसे दिले. गेरू संपला म्हणून कोणीतरी घरून आणखी आणला. चितारी बाजूला उभा राहून बघत होता.

तेवढ्यात तळ्याकडून मोठा आवाज आला. जमिनीतून आल्यासारखा, लांबत जाणारा.

एकजण भिंतीकडे कौतुकानं बघत म्हणाला, "काय काढलंय! पाण्याचा आवाजसुद्धा येतो."

त्यावरही लोक हसले. हसले नाहीत ते फक्त कुंभार आणि चितारी. ते उताराकडे धावत सुटले होते.

चावडी उंचावर होती. तिथं कोणाचा पायसुद्धा भिजला नाही. खालची आळी मात्र गेली. घरी राहिले होते ते सगळे गेले. पाळण्यातली पोरं, अंथरुणावरची म्हातारी माणसं. पाणी ओसरल्यावर आक्का बाभळीच्या मुळाशी सापडली. पाटीची कड तिच्या मुठीत घट्ट होती. सोडवता सुटत नव्हती.

चिताऱ्यानं भिंतीकडे जाणं बंद केलं. लोक त्याच्या दारात येऊन बसू लागले. "काहीतरी काढ रे. मन रमत नाही." मग म्हणाले, "आक्कावर काढ. तिची आठवण राहील."

शेवटी त्यानं काढलं. चौकटी चारच, पण चारींत एकच चित्र. एकटी आक्का, डोक्यावर पाटी, समोर बांध. फक्त चौथ्या चौकटीत तिच्या पाठीमागे पाट्या रचून ठेवलेल्या, रिकाम्या.

लोक रडले. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. पाटील म्हणाले, "काळजाला हात घातलास रे." भिंत पुरली नाही तेव्हा लोकांनी चावडीच्या खांबांवर ठसे दिले.

तळ्याचा बांध तसाच फुटका होता. तिथं कोणीच गेलं नाही.

चितारी ती लाल भिंत बघत थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं गेरूचं मडकं उचलून दगडावर आपटलं, खांद्यावर पाटी टाकली आणि बांधाकडे निघाला. फुटलेल्या जागी एकटा माती टाकू लागला. दोघे कुंभार आले आणि त्याच्या शेजारी कामाला लागले.

वर चावडीपाशी माणसं उभी राहून बघत होती. ऊन कललं होतं. खाली तिघांच्या सावल्या चिखलात लांब पडल्या होत्या.

"काय दृश्य आहे," एकजण हळहळून म्हणाला. "हे कोणीतरी भिंतीवर काढायला हवं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि नकळत आपापला अंगठा पुढे केला.

तात्पर्य: हसणं आणि हळहळणं म्हणजे मदत करणं नव्हे. बोटाला लागलेला गेरू म्हणजे हाताला लागलेली माती नव्हे.