बाळंतिणीची फांदी

फार पूर्वी, वेत्रपुरात राजा अरिंदम राज्य करीत होता त्या काळी, बोधिसत्त्व तिथल्या भद्रशाल नावाच्या लाखेच्या व्यापाऱ्याकडे कारभारी होता. तेव्हा त्याचे नाव गुणपाल. वय लहान, हुशारी पुष्कळ आणि घाईही तेवढीच. बोधिसत्त्व झाला म्हणून काय, तोही चुकतमाकतच शिकला.

भद्रशालाच्या पळसबनात बारा कुटुंबे राहत. पळसाच्या फांद्यांवर बारीक किडे लाखेचा थर चढवीत. त्या फांद्या तोडायच्या आणि लाख खरवडून टोपलीत भरायची, हे त्यांचे काम. गुणपालाने आल्या आल्या एक नियम सुचवला. हंगामाच्या शेवटी ज्याची टोपली सर्वांत जड, त्याला लोकरीचे कांबळे; आणि जो तीन हंगाम सर्वांत मागे राहील, त्याने बनातली झोपडी सोडायची. मालक खूश झाला.

आणि मागे कोण राहावे? जांभी आजी! गुणपाल बनात आला की आधी त्याला ताक पाजणारी आणि मग ‘किती वाळलास रं’ म्हणून रागावणारी. दोन हंगाम तिचीच टोपली हलकी भरली. तिसरे वजन उद्यावर आले तसा गुणपालाचा जीव कासावीस झाला. दोन्ही वेळा कांबळे जिंकणारा बाहुक नावाचा गडी शेजारीच काम करीत होता. त्याची पाठ वळताच गुणपालाने त्याच्या टोपलीतून चार मुठी लाख उचलली आणि हळूच आजीच्या टोपलीत टाकली.

आजीने ती बोटांनी चाचपली आणि वेगळी काढून बाहुकाच्या टोपलीत परत टाकली.

“ही माझ्या झाडाची नव्हं. कारभारी झालास आन् चोऱ्या करतोस व्हय रं?”

“आजी, उद्या वजन आहे. तुझं घर जाईल.”

“जाईल तवा जाईल. आधी माझ्यासंगं चल.”

तिने त्याला आपली झाडे दाखवली. प्रत्येक झाडावर लाखेने लगडलेली एक फांदी तशीच राखली होती आणि तिला चिंधी बांधली होती.

“ही बाळंतिणीची फांदी. बाळंतिणीला कुणी कामाला लावतं का? थोड्या दिसांनी हिच्यातनं किड्यांची पिल्लं निघतील. त्याआधी हिचे तुकडे झाडाझाडाला बांधायचे. तवा कुठं पुढची लाख.”

“मग इतरांच्या झाडांवर अशी फांदी का दिसत नाही?”

“टोपली जड व्हाया नको? सगळी ओरबाडून नेत्यात. मग मीच माझ्यातले तुकडे त्यांच्या झाडांना बांधते. लेकरंबाळं हायेत त्यांची.”

जिला गुणपाल मागे पडलेली समजत होता, तिच्याच फांद्यांवर बाराही टोपल्या भरत होत्या. त्याला स्वतःची लाज वाटली आणि आजीची फार फार माया आली.

दुसऱ्या दिवशी मालक वजनाला आला, तेव्हा गुणपालाने तराजूला हात लावला नाही.

“मालक, नियम माझा होता आणि तो चुकला. झाड ओरबाडायला मीच यांना शिकवलं. घर कुणी सोडायचंच असेल, तर मी सोडतो.”

“म्हातारीच्या मायेपोटी बोलतोस तू!” मालक कडाडला.

गुणपाल लोकांकडे वळला. “तुमच्या झाडांना किडे कुणी बांधले?”

सगळ्यांना ठाऊक होते. पण आजी सुटली तर शेवटचा नंबर आपला, या भीतीने सगळ्यांनी तोंडे शिवली होती. मग बाहुक उठला. खांद्यावरचे जिंकलेले कांबळे त्याने आजीच्या अंगावर घातले.

“आजीनं बांधले, मालक. दर हंगामाला.”

“आमच्याबी,” दुसरा म्हणाला. मग तिसरा म्हणाला आणि मग सगळेच.

मालक ओरबाडलेल्या झाडांकडे पाहत राहिला. शेवटी म्हणाला, “झोपडी कुणी सोडायची नाही. यापुढं फांदी राखल्याशिवाय कुणाची टोपली तराजूवर चढायची नाही. आणि गुणपाल, तू कुठं जाऊ नकोस. वर्षभर आजीच्या हाताखाली काम कर.”

“आधी ताक पी,” आजी म्हणाली.

विहारात एक वृद्ध थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, अंगण झाडताना मुंग्यांच्या रांगा राखीत, म्हणून कोठार सांभाळणारा भिक्षू त्यांना मंद म्हणाला होता. त्या निमित्ताने ही कथा सांगून शास्ते, भगवान बुद्ध, म्हणाले, “तेव्हाचा मालक म्हणजे हा कोठारातला भिक्षू. बाहुक म्हणजे सर्वांत आधी झाडून मोकळा होणारा इथला तरुण श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू. जांभी आजी म्हणजे आपले हे थेर. आणि घाईने नियम करणारा कारभारी मीच होतो.”

आपली चूक चारचौघांत बोलून दाखवण्याचे बळ ज्यात आहे, त्या सत्यपारमितेची, म्हणजे सत्यनिष्ठेच्या परिपूर्णतेची, ही कथा.