मुळकरे, मलकर्णे, मुलखेरे

खिंडीच्या तोंडाशी ही जी वाडी दिसते ना पाव्हणं, तिथं तीन आडनावांची घरं आहेत. मुळकरे, मलकर्णे आणि मुलखेरे. पण आमच्यात आपसात सोयरीक होत नाही. आम्ही भाऊबंद. मूळ पुरुष गोरा होता म्हणे, आयर्लंड देशाचा. फेलिम मुलकेरिन.

घाटरस्त्याच्या कामावर तो सुरुंग लावायला आला होता. काम अर्ध्यावर असताना तळावर पटकी पसरली. सकाळी पाटी उचललेलं माणूस दुपारी सरणावर जायचं. वाचले ते पळाले. मागं उरली पोरकी पोरं, नाना जातींची. फेलिम त्यांना पेज पाजत राहिला.

मग ठेकेदाराचा माणूस गाडी घेऊन आला. बेवारस पोरं बोटीनं दूर उसाच्या मळ्यांवर धाडायची होती. फेलिम आडवा आला.

"ही माझी आहेत."

"सगळी?"

"सगळी."

"मग बापाचं नाव सांगू देत."

फेलिमनं गुडघे टेकून एकेकाच्या कानात आडनाव सांगितलं. उपाशी, भेदरलेल्या तोंडांतून ते कसलं नीट येतंय! कुणी मुळकरे म्हणालं, कुणी मलकर्णे, कुणी मुलखेरे.

"ही तर तीन नावं झाली," तो माणूस हसला.

फेलिम मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, असं सांगतात, "माझा बाप मुलकेरिन म्हणायचा, चुलता मुलकर्न. आमच्याकडं बटाटा कुजला, दुष्काळ पडला, भावंडं बोटींवर चढली. जितकी बंदरं तितकी नावं झाली. म्हणून काय आम्ही परके झालो?"

त्या माणसानं मान डोलावली. ज्यानं नाव घेतलं, त्याला सोडलं. पण तानी नावाची एक चिमुरडी आई गेल्यापासून बोललीच नव्हती. फेलिम तिला विनवत होता, "बाळ, कसंही म्हण. नुसतं 'मु' म्हण." तिचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

तिला गाडीत घातलं. फेलिमला गाडीबरोबर आलेल्या दोघांनी धरून ठेवलं होतं. सुटला तेव्हा गाडी घाट उतरत होती. तो कड्यापर्यंत धावला आणि वरून तिला नाव सांगत राहिला, घसा फाटेस्तोवर. ते बघून पोरंही ओरडू लागली, ज्याला जसं येत होतं तसं.

तानी परत आली नाही. फेलिमनंही ही खिंड मरेपर्यंत सोडली नाही.

आजही चैत्रात तिन्ही आडनावांची माणसं कड्यावर जमतात. दरीकडं तोंड करून जो तो आपलं आडनाव मोठ्यानं पुकारतो. मग सगळे गप्प होतात. आयाबाया रडत्या तान्ह्यांना छातीशी घट्ट धरून उगी करतात. खालून एखादं अक्षर जरी आलं, तरी ते ऐकू यावं म्हणून.