तीन राजांची हद्द आणि कुंभारआळी

त्या गोष्टीला पुष्कळ काळ लोटला. तेव्हा डोंगराच्या, नदीच्या आणि रानाच्या राजांनी आपली राज्ये एकत्र जोडली होती. राजधानी कुणाकडे असावी, यावर मात्र त्यांचे जमेना. शेवटी तिघांनी जमिनीचा एकेक तुकडा दिला, त्यावर दरबार बांधला आणि त्या सगळ्या जमिनीभोवती चुना फासलेले हद्दीचे दगड रोवले.

"या दगडांच्या आत कुणा एकाचा हुकूम चालणार नाही. तिघांचे शिक्के असतील तरच काम होईल," असे ठरले.

दरबारामागोमाग स्वयंपाकी आले, परीट आले, कुंभार आले. मोठे नगर वसले. पण नियम तोच राहिला. साधे गटार उपसायचे तरी तीन शिक्के लागत. रानातल्या लहानशा पाड्यालाही स्वतःचे पंच होते; राजधानीला नव्हते. ती सगळ्यांची होती ना!

एका वर्षी डोंगरात खूप पाऊस कोसळला. नगराच्या कडेचा तलाव काठोकाठ भरला. बांधाची माती भिजून खाली सरकू लागली. बांधाखालीच कुंभारआळी होती. तलावाचे दार उघडले असते, तर पाणी ओढ्याने नदीला गेले असते. पण शिक्के तीन हवेत, आणि रानाचा राजा लेकीच्या सासरी गेलेला.

भिवराआक्का कुंभारीण बांधावर धावत आली. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती आणि घरात बाळाला घेऊन निजली होती.

"मानाजी, उघड की रे दार!" ती पहारेकऱ्याला म्हणाली.

"आक्का, शिक्के आणा, लगेच उघडतो."

"शिक्के काय पोहत येणार आहेत?"

एवढ्यात पलीकडून, नदीच्या राज्यातल्या गावचे पाटील आले. "आमच्याकडे तलावाचं दार गावच उघडतं," ते हळहळून म्हणाले. "पण हे दार तुमच्या दगडांच्या आत. मी हात लावला, तर राजे एकमेकांवर धावून जातील."

भिवराआक्काने दारापलीकडच्या चुना फासलेल्या हद्दीच्या दगडाकडे पाहिले. मग तिने पदर खोचला. "बायांनो, या गं इकडे! हा दगड उचला आणि दाराच्या अलीकडे आणून ठेवा. म्हणजे दार पाटलांच्या हद्दीत जाईल."

मानाजी घाबरला. "आक्का, हद्द हलवली तर हद्दपार करतात!"

"कुठल्या हद्दीतून करतील? ती तर आपण हलवतोय!"

मानाजीला हसू फुटले. त्यानेही दगडाला खांदा लावला. दगड अलीकडे आला, पाटलांनी दार उघडले आणि पाणी धो धो करत ओढ्याला लागले. बांध टिकला. आळीतल्या घरात बाळ झोपेतून उठलेसुद्धा नाही.

तिन्ही राजे जमले, तेव्हा मात्र आळीत चूल पेटली नाही.

"हद्द कुणी हलवली?" डोंगराच्या राजाने विचारले.

"मी," भिवराआक्का म्हणाली.

"मीपण," मानाजी पुटपुटला.

"शिक्षा ठाऊक आहे?"

"आहे, महाराज," भिवराआक्का म्हणाली. "पण तुम्ही एकमेकांवर कुरघोडी करू नये, म्हणून हे दगड रोवलेत ना? मग त्यांत आमची गटारं आणि बांध कशाला अडकवता? दरबार तिघांचा, तो तुम्ही राखा. आळी आमची, ती आम्हाला राखू द्या."

 मग रानाचा राजा हळूच म्हणाला, "माझ्या एका शिक्क्यापायी ते तान्हं मूल वाहून गेलं असतं, तर मी कुठल्या तोंडानं परत आलो असतो?"

शिक्षा माफ झाली. दरबार आणि त्याचे अंगण तिन्ही राजांकडे राहिले. उरलेले नगर कुणाही एका राजाकडे गेले नाही. त्याला स्वतःचे पंच मिळाले आणि तलावाचे दारही. त्या संध्याकाळी कुंभारआळीत सगळ्यांनी एकाच पंगतीला बसून पोटभर जेवण केले. पाटीलही होते. मानाजीने तीनदा आमटी मागून घेतली.

राजधानी साऱ्या राज्यांची असली, तरी तिथे राहणाऱ्यांच्या रोजच्या जगण्याचा कारभार त्यांच्याच हाती असावा.